सहा वर्षांच्या मुलाचं घरचं वर्ष कसं आखायचं

होमस्कूलिंग करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली गोष्ट होते ती खरेदी. वर्कबुकांचा गठ्ठा, भिंतीवरचे तक्ते, एखाद्या ॲपची वर्षाची वर्गणी. मग नऊ ते चारचं वेळापत्रक फ्रिजवर लागतं आणि तिसऱ्या आठवड्यात ते बंद पडतं. कारण सोपं आहे: वेळापत्रक शाळेकडून उसनं घेतलेलं असतं आणि पुस्तकं दुकानदाराच्या सल्ल्याने. मुलाला आज काय येतं हे त्या सगळ्यात कुणी पाहिलेलंच नसतं. अभ्यासक्रम म्हणजे आज जिथे मूल उभं आहे तिथून वर्षअखेरच्या मुक्कामापर्यंतच्या पायऱ्या. त्या मोजून लावल्या की पुस्तकं कमीच लागतात.

खालची आखणी सहा ते सात वर्षांच्या, घरी मराठी बोलणाऱ्या, महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलासाठी आहे. म्हणजे शाळेच्या हिशोबात पहिली.

आधी कागद

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंग हा शब्दच नाही. कलम १० नुसार मुलाचं नाव शेजारच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण न घातल्यास पालकांना दंडाची तरतूद नाही. घरी शिकवण्यासाठी नोंदणी करायची म्हटली तर तसा फॉर्मही नाही. त्यामुळे आपली कागदपत्रं आपणच नीट ठेवायची. मूल आधी शाळेत जात असेल तर नाव काढताना शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्या आणि त्यावरची जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग, आईचं नाव जन्मदाखल्याशी ताडून पाहा. हा कागद पुढे दहावीला बाहेरून बसताना, म्हणजे सतरा नंबरच्या फॉर्मलाही, मागितला जातो. शाळेकडून यूडायस, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातल्या, नोंदीतला मुलाचा क्रमांकही लिहून घ्या. पुन्हा प्रवेश घेताना नवी शाळा त्याच क्रमांकावरून जुनी नोंद ओढून घेते.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारात येऊ शकतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, ते त्यांचं काम करत असतात. पाणी द्यायचं, फाइल दाखवायची. त्या फाइलीत काय असावं ते पुढे येईल.

पहिला आठवडा: शिकवायचं नाही, पाहायचं

पहिले पाच दिवस काहीही शिकवू नका. रोज दहा-पंधरा मिनिटं फक्त अंदाज घ्या, तेही खेळाच्या ओघात. 'परीक्षा' हा शब्द तोंडातून गेला की मूल आखडतं आणि येणारंही येत नाही.

वाचनासाठी 'असर' या, खेड्यापाड्यांतल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाची पद्धत घरी उत्तम चालते. दहा सुटी अक्षरं, दहा सोपे दोन-तीन अक्षरी शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची गोष्ट असे चार कागद करा. मुलाने त्यातली कुठलीही पाच अक्षरं निवडून वाचायची. पाचपैकी चार बरोबर आली तर ती पायरी झाली, पुढचा कागद. जिथे अडेल तिथून तुमचं वर्ष सुरू होतं, मग वय काहीही असो.

गणितात चार गोष्टी बघा. वीस चिंचोके मोजायला सांगा: बोट एक पुढे आणि आकडा दोन पुढे असं होतंय का? मोजून झाल्यावर 'किती?' विचारलं की मूल पुन्हा पहिल्यापासून मोजतं का? तसं असेल तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण, ही कल्पना अजून बसलेली नाही. मग पाच चिंचोके मुठीत घ्या, दोन दाखवा, 'मुठीत किती उरले?' विचारा. शेवटी १२ आणि २१ लिहून कुठला मोठा ते विचारा. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणारी मुलंही या चारपैकी दोन ठिकाणी हमखास अडखळतात. अंक म्हणणं म्हणजे नुसतं पाठांतर. त्याने फसू नका.

बोलणं, ऐकणं, हात यांचीही नोंद घ्या. गोष्ट ऐकून मूल ती दोन-तीन वाक्यांत परत सांगतं का, बटण लावतं का, कात्रीने सरळ रेषेवर कापतं का. कात्री जमत नसेल तर पेन्सिलीचं फार मनावर घेऊ नका. पहिले दोन महिने कणीक मळणं, मटार सोलणं, मणी ओवणं हाच लेखनाचा अभ्यास.

वर्षअखेर काय यायला हवं

इथे स्वतःच्या मनाने उद्दिष्टं लिहू नका, ती एक तर फार मोठी होतात नाही तर फार धूसर. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाने इयत्तावार उद्दिष्टं मोजक्या शब्दांत दिली आहेत. पहिलीच्या अखेरीस न पाहिलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचता येणं, ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं, सोपी बेरीज-वजाबाकी करता येणं. बस्स. दुसरीच्या अखेरीस वाचनाचा वेग मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि संख्या ९९९ पर्यंत. वेगाचं उद्दिष्ट दुसरीचं आहे, पहिलीत स्टॉपवॉच कपाटातच राहू द्या.

या तीन ओळी एका कागदावर लिहा. त्याखाली अंदाजातून कळलेली आजची पायरी. मधली जागा भरणं म्हणजे आखणी.

वर्ष किती आठवड्यांचं

१५ जून ते एप्रिलअखेर असे साधारण ४५ आठवडे मिळतात. त्यातले तीन गणपती आणि दिवाळीचे काढा. उरलेल्या ४२ मध्ये सहा-सहा आठवड्यांचे सहा टप्पे करा आणि प्रत्येक टप्प्यानंतर एक आठवडा कोरा सोडा. ३६ आठवडे अभ्यास, सहा कोरे. कोरा आठवडा म्हणजे सुट्टी नव्हे. ताप, लग्नं, पाहुणे, दिवे जाणं यांनी मागे पडलेलं तिथे भरून निघतं, आणि टप्पा संपल्यावरची तपासणीही तिथेच होते. हे आठवडे न ठेवणारी आखणी ऑगस्टात दहा दिवस मागे पडते, दिवाळीला महिनाभर, आणि जानेवारीत गुंडाळली जाते.

पहिला टप्पा तपशिलात लिहा, दुसरा दोन ओळींत, बाकीचे चार नुसत्या मथळ्यांनी. वर्षभराचं रोजचं वेळापत्रक जूनमध्ये लिहून ठेवणं हा वाया गेलेला रविवार.

दिवस किती तासांचा

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. पण ते तास तीस-चाळीस मुलांच्या वर्गाचे आहेत, हजेरी, रांगा आणि 'सर, याने माझं खोडरबर घेतलं' यांच्यासकट. घरी एकास एक शिकवताना सहा वर्षांच्या मुलाला बैठकीची दीड तासाच्या आतली वेळ पुरते:

- मोठ्याने वाचून दाखवणं: २० मिनिटं
- मराठी वाचन: १५ मिनिटं
- लेखन: १० मिनिटं
- गणित: २० मिनिटं
- इंग्रजी ऐकणं-बोलणं: १५ मिनिटं

झाली ८० मिनिटं. ती सलग नकोत. वाचन आणि गणित सकाळी नाश्त्यानंतर, मध्ये अर्धा तास धावपळ, लेखन त्यानंतर, वाचून दाखवणं दुपारी किंवा झोपताना. आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटं परिसर आणि एकदा तेवढीच चित्रकला-हस्तकला. दोघं नोकरी करत असाल तर सकाळी सात ते पावणेआठ आणि रात्री जेवणानंतर पस्तीस मिनिटं एवढ्यातही हे बसतं. मधला दिवस आजी-आजोबांकडे असेल तर त्यांना 'अभ्यास' देऊ नका. गोष्टी, पत्ते, सापशिडी, भाजी निवडणं हे त्यांच्याकडे ठेवा.

दुसरी एक यादी 'वाईट दिवसाची' करा: डोकं दुखतंय, कामवाली आली नाही, मीटिंग आहे. त्या दिवशी फक्त तीन गोष्टी: दहा मिनिटं वाचन, पाच मिनिटं तोंडी गणित, एक गोष्ट. ही पंचवीस मिनिटांची यादी मोठ्या वेळापत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे खंड पडत नाही.

मराठी वाचन: अ अननसाचा पासून सुरू करू नका

मुळाक्षरांच्या तक्त्याने 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत गेलात तर दीड-दोन महिने मूल अक्षरं ओळखत राहतं आणि एकही शब्द वाचत नाही. त्यात पुन्हा 'ण'साठी बाण आणि 'ळ'साठी बाळ, म्हणजे अक्षर शब्दाच्या शेवटी! त्याऐवजी अक्षरांचे छोटे गट करा आणि प्रत्येक गटात पहिल्या दिवसापासून एखादी स्वरचिन्हाची खूण घाला.

पहिला गट: क, म, न, र, ल आणि काना. एवढ्यात काका, मामा, नाना, कान, नाक, काम, रान, मका, लाल, कमल, नरम, कमान असे शब्द होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मूल 'काका, काम करा' हे वाक्य स्वतः वाचतं. 'नाना, कमाल करा' वाचून हसतं. स्वतः वाचून हसू येणं ही या वयातली सर्वांत मोठी चालना, ती तक्त्यातून मिळत नाही.

दुसरा गट: त, ग, प, ब, स्वर आ आणि ई, आणि दीर्घ वेलांटी. आता 'ताई, गीत गा' आणि 'आई, ताक कर' जमतं. वेलांटीत दीर्घ आधी घेण्याचं कारण आहे: मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो, त्यामुळे मुलाच्या ओळखीच्या शब्दांत पाटी, काकी, मामी, नदी असे दीर्घच जास्त भेटतात. ऱ्हस्व नंतर आलं तर गोंधळ कमी होतो.

याप्रमाणे तीन आठवड्यांना एक गट, प्रत्येकात चार-पाच अक्षरं आणि एक-दोन खुणा, असे आठ गट केले की पहिल्या चार टप्प्यांत, २४ आठवड्यांत, अक्षरं आणि खुणा संपतात. पाचवा टप्पा सोप्या जोडाक्षरांचा: आधी पक्का, गप्पा, अण्णा अशी द्वित्तं, मग मस्त, पुस्तक. 'र'ची सगळी सोंगं, म्हणजे सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या, दुसरीत. सहावा टप्पा फक्त वाचायचा, नवीन काही नाही.

गट पाडताना दिसायला सारखी अक्षरं एकत्र आणू नका. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ यांच्यात किमान दोन गटांचं अंतर हवं. एक पक्कं झालं की मगच दुसरं. 'खा' हे मुलं 'रवा' वाचतात, त्यात त्यांची चूक नाही, ते तसंच दिसतं. दोन्ही शब्द शेजारी लिहून 'ख'च्या खालची जोडणी लाल पेनाने दाखवा. च, ज, झ ला दोन-दोन उच्चार आहेत, चाक वेगळं आणि चहा वेगळा. हे नियमाने समजावत बसू नका. शब्द ओळखीचा असेल तर मूल आपोआप योग्य उच्चार करतं. अनोळखी असेल तर तुम्ही म्हणून दाखवा आणि पुढे चला.

रोजची पंधरा मिनिटं अशी: तीन मिनिटं कालच्या अक्षरांच्या पत्त्यांची उजळणी, पाच मिनिटं त्याच अक्षरांतून नवे शब्द बनवणं, पाच मिनिटं दोन-तीन वाक्यं वाचणं, दोन मिनिटं तुम्ही सांगाल तो शब्द पत्त्यांनी लावणं. पत्ते जुन्या लग्नपत्रिकांचे कापा, कागद जाड असतो. कान्याचा पत्ता वेगळा ठेवा, म्हणजे 'कम'चं 'काम' होताना मूल ते हाताने करतं.

बाराखडी लयीत म्हणायला मजा येते, म्हणू द्या. पण 'क का कि की' म्हणता येणारं मूल मधलाच 'कू' समोर धरला की पहिल्यापासून म्हणत येतं. म्हणून बाराखडी शेवटी, उजळणीला, सुरुवातीला नाही.

लेखनाचा क्रम वेगळा असतो, तो शब्दांवरून नाही तर वळणावरून: न-म-ग, व-ब-क, ट-ठ-ढ. वाचनात ओळखीची झालेली अक्षरंच लिहायला घ्या, म्हणजे लेखन वाचनाच्या दोन-तीन आठवडे मागे चालेल. आधी पाटी, मग मोठ्या चौकटीची वही, दोन रेघी त्यानंतर. पेन्सिल बोटभर लांबीची द्या. लांब पेन्सिल मुठीत धरता येते, छोटी चिमटीतच धरावी लागते. एका अक्षराच्या पाच प्रती पुरेत. पानभर लिहायला लावलं की शेवटच्या ओळीतलं अक्षर पहिल्या ओळीपेक्षा वाईट येतं, स्वतः पाहा.

मोठ्याने वाचून दाखवण्याची पुस्तकं मुलाच्या वाचनपातळीच्या बरीच वरची हवीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी पातळीनुसार फुकट आहेत. पहिल्या पातळीच्या गोष्टी मुलाने वाचायच्या, तिसऱ्या-चौथ्या पातळीच्या तुम्ही वाचून दाखवायच्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात.

गणित: पंचवीस आणि बावन्न

गणिताचा वर्षभराचा क्रम असा ठेवा: पहिला टप्पा दहापर्यंतच्या संख्या आणि त्यांची फोड, दुसरा वीसपर्यंत आणि बेरीज, तिसरा वजाबाकी, चौथा दशक-एकक पन्नासपर्यंत, पाचवा ९९ पर्यंत, सहावा हातच्याशिवायची दोन अंकी बेरीज, पैसे, घड्याळाचे तास. पाढे पाठ करण्याची घाई नको. 'बे एके बे' कानावर पडलं तर चांगलंच, पण बेरीज समजण्याआधी ते गाणंच असतं.

पहिल्या टप्प्याचं साधन म्हणजे चिंचोके. ते फोडून अर्धे केले की एक बाजू पांढरी, एक तपकिरी. पाच फाका टाकायच्या: दोन पांढऱ्या, तीन तपकिरी. 'पाच म्हणजे दोन आणि तीन.' वहीत नोंद. दहा वेळा टाका. पाचच्या सगळ्या फोडी आठवड्यात पाठ होतात, कुणी पाठ करायला न सांगता. मग सहा फाका, सात, दहापर्यंत. ज्याला दहाच्या फोडी झोपेतही सांगता येतात त्याला पुढे ८ + ५ बोटांवर मोजावं लागत नाही: आठला दोन दिले दहा झाले, उरले तीन.

खरी गोम चौथ्या टप्प्यात आहे, आणि ती मराठी शिकणाऱ्याच्या वाट्याची आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, लिहिताना दोन आधी लागतो. म्हणून मूल ५२ लिहितं. 'त्रेसष्ट'ला ३६. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतं आणि ३९ लिहिलं जातं. याला निष्काळजीपणा म्हणू नका, मूल जे ऐकतं तेच लिहितंय. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी जोडवाचनाची पद्धत आणली तेव्हा गदारोळ झाला, विनोदही झाले. पण अडचण खरी होती. घरी दोन्ही वापरा. पहिले तीन-चार आठवडे प्रत्येक संख्या दोनदा म्हणायची: 'वीस आणि पाच, पंचवीस'. मग पहिला भाग हळूहळू गळून पडतो.

हाताला काम द्यायला दोन वस्तू लागतात. एक, शंभर आइसक्रीमच्या काड्या (किंवा खराट्याच्या सारख्या कापलेल्या काड्या) आणि दहा रबरबँड. दहा काड्या झाल्या की गठ्ठा बांधायचा, आणि तो मुलानेच बांधायचा. आयता गठ्ठा दिला तर त्यात दहा आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही, दर वेळी सोडून मोजतो. दोन, एकमेकांवर बसणारी संख्याकार्डं. १० ते ९० ची नऊ कार्डं ८ बाय ५ सेंटिमीटर, १ ते ९ ची नऊ कार्डं ४ बाय ५. वीसच्या कार्डावरच्या शून्यावर पाचचं कार्ड ठेवलं की २५ दिसतं, उचललं की खालचे वीस दिसतात. २०५ लिहिणाऱ्या मुलाला याहून चांगलं उत्तर नाही.

रोज पाच संख्या: तुम्ही 'सत्तेचाळीस' म्हणायचं, मुलाने आधी गठ्ठे काढायचे, मग सुट्या काड्या, मग कार्डं, शेवटी लिहायचं. दशक आधी उचलायची सवय हाताला लागली की ती पेन्सिलीत उतरते. 'एकोण'चं कोडं शेवटी सोडवा: एकोण म्हणजे एक कमी. तीस काड्या मांडा, एक काढा, एकोणतीस. ८९ ला एकोणनव्वद आणि नव्याऐंशी दोन्ही चालतं, पण ९९ ला एकोणशंभर कुणी म्हणत नाही. हे मुलं स्वतःहून विचारतात आणि विचारलं की गाडी रुळावर आहे असं समजा.

पैशांसाठी खेळण्यातल्या नोटा नकोत. आठवड्यातून एकदा शंभर रुपयांपर्यंतची खरी भाजी मुलाच्या हाताने आणा, सुट्या दहा-दहाच्या नोटा आणि नाणी देऊन. यूपीआयच्या काळात मुलाला सुटे पैसे परत घेणं दिसतच नाही, ते मुद्दाम दाखवावं लागतं.

इंग्रजी थोडक्यात

पहिले दोन टप्पे फक्त ऐकणं आणि बोलणं: गाणी, चित्रावर बोलणं, सूचना. लिपी तिसऱ्या टप्प्यापासून, मराठीचे चार गट पक्के झाल्यावर. मराठीत अक्षर आणि आवाज यांचं नातं बरंचसं सरळ आहे, तिथे वाचनाची युक्ती एकदा कळली की ती इंग्रजीत वापरता येते. उलटं करणाऱ्यांची मुलं बऱ्याचदा दोन्हीकडे अंदाजाने वाचतात.

परिसर ऋतूबरोबर

पाऊस सुरू झाला की पर्जन्यमापक. एक लिटरची सरळ भिंतीची बाटली वरून कापा, तोंडाचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बुडाला खळगे असतात, तिथे खडे आणि पाणी घालून जिथून भिंत सरळ होते तिथे शून्याची रेघ मारा, वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाडाखाली किंवा पागोळीखाली ठेवलं तर आकडे खोटे येतात. रोज सकाळी आठला वाचन आणि चौकटीच्या वहीत स्तंभ रंगवणं, गणित फुकटात.

गणपतीत पत्रीची पानं ओळखा: दूर्वा, शमी, आघाडा, धोत्रा, रुई. कडा, शिरा, वास यांवरून वर्गीकरण. धोत्र्याला हात लावला की हात धुवायचे. दिवाळीला किल्ला आणि आधी त्याचा वरून दिसणारा नकाशा. डिसेंबरात तीस दिवस चंद्राचं चित्र, कॅलेंडरवरच्या तिथीशेजारी. संक्रांतीला धान्यं आणि तेलबिया. मार्चमध्ये माठ आणि स्टीलचा हंडा शेजारी ठेवून पाणी कशात गार होतं ते. यातल्या प्रत्येकावर मुलाचं एक वाक्य, सुरुवातीला त्याने सांगायचं आणि तुम्ही लिहायचं.

फाइल आणि रविवार

एक रजिस्टर, रोज एक ओळ: तारीख, काय झालं, कुठे अडलं. 'मराठी केलं' ही नोंद नाही. 'गट ६, घर-मध वाचले, ध ला घ म्हणतो' ही नोंद. दर महिन्याला लेखनाचं एक पान, गणिताचं एक पान, एक चित्र, सगळ्यावर तारीख, प्लास्टिकच्या फाइलीत. दर टप्प्याअखेर वाचनाचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. वर्षअखेर चाळीस-पन्नास पानांची फाइल होते, ती सर्वेक्षणाला, नव्या शाळेला आणि सासरच्या मंडळींना, तिघांनाही पुरते.

रविवारी पंधरा मिनिटं: 'कुठे अडलं' हा रकाना वाचा आणि पुढच्या आठवड्याची यादी त्यावरून करा. कोऱ्या आठवड्यात पहिले दोन दिवस जूनमधली चाचणी पुन्हा घ्या. पाचपैकी चार आलं तर पुढे. दोन-तीन आलं तर दोन आठवडे तेच, पण वेगळ्या साधनाने. शून्य-एक आलं तर पायरीच चुकली, खालून सुरू करा. तीन-चार महिने रोज सराव होऊनही दहा अक्षरं टिकत नसतील तर जोर वाढवू नका, आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग विकासाच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

कुठे बिघडतं

बिघाड बहुतेक वेळा माणसांत असतो. सगळा भार आईवर आणि बाबा रविवारी 'काय काय झालं?' विचारणार, हे सप्टेंबरपर्यंत चालतं. एक विषय पूर्णपणे दुसऱ्या पालकाकडे हवा, तयारीसकट. गणित किंवा परिसर सोपवणं सोयीचं. वाचनावरून रोज रडारड होत असेल तर आठवडाभर मुलाने वाचायचं बंद करा आणि दुप्पट वाचून दाखवा, मग मागच्या गटापासून सुरू करा. चुलतभाऊ तिसरा पाढा म्हणतो हे कळल्यावर त्याच रात्री पाढे सुरू करणं हा दुसरा नेहमीचा अपघात. आणि सोबत: आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्याच मुलांबरोबर, त्याच मैदानावर. दर वेळी नव्या मुलांच्या कार्यशाळेत मैत्री होत नाही.

खरेदी करायचीच असेल तर ती या सगळ्यानंतर. बालभारतीची पहिलीची पुस्तकं संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि मुलासमोर न ठेवता स्वतःच्या टेबलावर ठेवा, आपण कुठे आहोत ते पडताळायला. पाटी, वह्या, काड्या, कार्डं, कात्री, रंग आणि दहा-बारा चित्रपुस्तकं, पहिल्या टप्प्याला एवढं पुरे.

परदेशातल्या मराठी घरांना आखणी हीच चालेल, कायदा मात्र जागेचा पाहावा लागतो. न्यू जर्सीत सरकारला कळवावंही लागत नाही. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये आधी सूचना, मग लेखी योजना, तिमाही अहवाल आणि वर्षअखेर मूल्यमापन. जर्मनीत घरी शिकवण्याला जवळपास मनाईच आहे.

इथे पुन्हा शाळेत घालायचं झालं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ मुलाला वयानुरूप इयत्तेत बसवायला सांगतं, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाला 'पहिलीपासूनच बसा' असं म्हणता येत नाही. मुख्याध्यापकांकडे जाताना जन्मदाखला, आधार, असल्यास जुना दाखला आणि ती फाइल न्या. त्यातल्या शेवटच्या महिन्याच्या लेखनाचं पान वर ठेवा. ते आधी तेच बघतात.